धारचा यंत्राध्याय आणि मराठी शाळेतील यंत्रमानव

माळव्यातील अमझेरा हे गाव आज मध्य प्रदेशाच्या धार जिल्ह्यात आहे. १८५७ च्या उठावात येथील राजे बख्तावरसिंह इंग्रजांविरुद्ध उभे राहिले. १० फेब्रुवारी १८५८ रोजी इंदूर येथे त्यांना फाशी देण्यात आली आणि त्यांचा मुलूख ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे गेला. शेजारी धार आणि देवास ही पवारांची संस्थाने. राजघराण्यांच्या, कारकुनांच्या आणि शिक्षकांच्या घरांतून या पट्ट्यात मराठी पिढ्यान्‌पिढ्या नांदली. १९४८ मध्ये संस्थाने मध्य भारतात विलीन झाली आणि १९५६ मध्ये तो भाग मध्य प्रदेशात गेला. त्याच वर्षाने आम्हां बेळगाव-कारवारकडील मराठी भाषकांनाही रेषेपलीकडे ठेवले. म्हणून धार-अमझेऱ्याचा इतिहास आम्ही परका मानीत नाही. त्या इतिहासातील एक प्रकरण आजच्या शाळेसाठी फार उपयोगाचे आहे, असे आमचे मत आहे.

अकराव्या शतकात धार ही परमार राजा भोजाची राजधानी होती. भोजाच्या नावावर ‘सरस्वतीकंठाभरण’ या एकाच नावाचे दोन ग्रंथ आहेत, एक व्याकरणाचा आणि दुसरा काव्यशास्त्राचा. त्याच भोजाच्या नावावर ‘समरांगणसूत्रधार’ हा ८३ अध्यायांचा वास्तुग्रंथ असून त्याचा ३१ वा अध्याय ‘यंत्रविधान’ हा आहे. दिव्यात तेल घालीत नाचणारी बाहुली, पाणी पिणारा लाकडी हत्ती, तालावर नाचणारे पोपट, दाराशी उभा राहून चोराला अडवणारा काष्ठपुरुष अशी यंत्रे त्यात वर्णिली आहेत. आज ज्याला आपण यंत्रमानव म्हणतो, त्याची कल्पना तेथे स्पष्ट दिसते.

या अध्यायातील विमानाच्या वर्णनावरून फुशारकी मारणारे पुष्कळ भेटतात. आम्हांला त्यात रस नाही. आमचे लक्ष वेधते ती त्यातील परिभाषा. ‘यंत्र’ हा शब्द ‘यम्’ म्हणजे नियमन करणे या धातूपासून सांगितला आहे: भूतांच्या गतीला जे आवरते आणि वळण देते ते यंत्र. पृथ्वी, जल, अग्नी, वायू ही यंत्राची बीजे. आपोआप चालणारे ते ‘स्वयंवाहक’. एकदा चालना दिली की पुढे चालत राहणारे ते ‘सकृत्प्रेर्य’. चांगल्या यंत्राचे सांधे घट्ट बसलेले असावेत, ते हलके असावे, आवाज करू नये, मात्र आवाज हाच हेतू असेल तर तो नीट यावा, आणि ते दीर्घकाळ टिकावे, असे गुण मोजून दिले आहेत. कारागिराला परंपरेने आलेले कौशल्य, गुरूचा उपदेश, शास्त्राचा अभ्यास, हातची मेहनत आणि बुद्धी असे सारेच हवे, हेही सांगितले आहे. व्याकरण लिहिणारी परंपरा यंत्राकडे वळली, तेव्हा तिने आधी व्याख्या केल्या, प्रकार पाडले, गुण नोंदले.

धारमध्ये याचा आणखी एक पुरावा दगडावर आहे. कमाल मौला परिसरातील, भोजशाळा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वास्तूत परमारकालीन ‘सर्पबंध’ लेख आहेत. सापाच्या वेटोळ्यांत वर्णमाला आणि क्रियापदांचे प्रत्यय कोरलेले आहेत. व्याकरण डोळ्यांना दिसावे, बोटाने गिरवता यावे, अशी ती मांडणी आहे. १९०३ च्या सुमारास येथील शिलालेखांचा अभ्यास करून ते विद्वानांपुढे आणणारे काशिनाथ कृष्ण लेले हे धार संस्थानाच्या शिक्षणखात्याचे प्रमुख होते. ‘समरांगणसूत्रधार’ हा ग्रंथही १९२४-२५ मध्ये छापून निघाला तो गायकवाडांच्या बडोद्यात, टी. गणपतिशास्त्री यांच्या संपादनाखाली.

परंतु या अध्यायात एक मोठे न्यून आहे. यंत्रांची घडण आपण पूर्ण सांगितलेली नाही; ते अज्ञानामुळे नव्हे, तर गुप्ततेसाठी, असे ग्रंथकार स्वतःच म्हणतो. परिणाम आपल्यासमोर आहे. तेल घालणारी बाहुली वर्णनात उरली. ती कशी करावी हे कोणाला सांगता येत नाही. याउलट १२०६ च्या सुमारास अल-जझरी याने अरबीत आपल्या यंत्रांचा ग्रंथ लिहिला, त्यात आकृत्या, मापे आणि जोडणीचा क्रम दिला. म्हणून विसाव्या शतकात त्याची यंत्रे पुन्हा उभी करता आली. दोघांच्या कारागिरीची तुलना करण्याचे साधन आपल्यापाशी नाही, पण लिहिण्यातला फरक उघड आहे. यंत्र टिकते ते ते समजावून देणाऱ्या भाषेमुळे.

हे आपल्या पूर्वसूरींना कळले होते. १८२० च्या दशकात मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस याने शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने गणिताची पुस्तके मराठीत सिद्ध केली आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी देशी भाषांतून शिकवले. पुढे शिक्षणमंडळात सर अर्स्किन पेरी इंग्रजीचा आग्रह धरू लागले, तेव्हा जर्व्हिस आणि जगन्नाथ शंकरशेट देशी भाषांच्या बाजूने उभे राहिले. तो वाद ते हरले, आणि यंत्रविद्या इंग्रजीतच शिकायची असते ही समजूत तेव्हापासून घट्ट होत गेली.

आज २०१६ पासून अटल टिंकरिंग प्रयोगशाळांच्या रूपाने यंत्रमानवाचे संच शाळांत पोचू लागले आहेत. संचासोबतची पुस्तिका बहुधा इंग्रजीत असते आणि मराठीचा शिक्षक त्या खोलीत पाऊल ठेवीत नाही. आमचा आक्षेप या विभागणीला आहे. ‘रोबो’ हा शब्दच मुळी भाषेच्या तासाचा आहे. चेक लेखक कारेल चापेक याच्या १९२० च्या नाटकातून तो जगभर गेला आणि त्याच्या मुळाशी असलेल्या ‘रोबोता’ या शब्दाचा अर्थ आहे वेठ. ‘वेठ’ आपल्याकडे संस्कृत ‘विष्टि’पासून आली. आपल्या ‘कळसूत्री’त कळ आहे आणि सूत्रही, ज्ञानेश्वरीत अशा बाहुलीला ‘साइखडे’ म्हटले आहे. आस, दांडा, बिजागरी, खटका, दातेरी चाक हे शब्द सुताराच्या आणि लोहाराच्या तोंडी आजही आहेत. मोटर, बॅटरी हे शब्द मराठीच झाले आहेत. त्यांना हाकलण्याचे कारण नाही.

व्याकरणाचेही तसेच. यंत्राला द्यायची सूचना म्हणजे आज्ञार्थ. ‘अडथळा आला तर डावीकडे वळ’ हे जर-तरचे वाक्य. ‘भिंत लागेपर्यंत चालत राहा’ हे मर्यादा सांगणारे. मनुष्य अर्धवट वाक्य समजून घेतो, यंत्र घेत नाही. वाक्य चुकले की गाडी भिंतीवर आदळते आणि मुलाला स्वतःचे वाक्य पुन्हा तपासावे लागते. १९६७ मध्ये सीमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा रचली, तीत मूल कासवाला नवा शब्द शिकवते आणि मग तो शब्द वापरते. व्याकरणाचा याहून जिवंत पाठ कोणता?

राज्यघटनेच्या ३५०-अ कलमाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिकण्याची सोय व्हावी असे म्हटले आहे. त्या हक्कासाठी आपण झगडतो आणि झगडत राहू. पण मराठी शाळेत कविता आणि यंत्रखोलीत इंग्रजी अशी वाटणी आपणच मान्य केली, तर पालक मुलाला कोठे नेतील हे सांगावयास नको. म्हणून सीमेपलीकडील प्रत्येक मराठी शाळेला आमची विनंती आहे: मुलांनी जे यंत्र जोडले, त्याची वही मराठीत ठेवावी. भागांची नावे, जोडणीचा क्रम, मापे, काय बिघडले आणि कसे सुधारले, हे सारे तीत असावे. ती वही दुसऱ्या शाळेतील मुलांच्या हाती द्यावी. त्यांना केवळ ती वाचून तेच यंत्र जोडता आले, तर मराठीचा आणि यंत्राचा, दोन्ही धडे पुरे झाले असे समजावे. जोडता आले नाही, तर कोणते वाक्य अपुरे होते ते दोन्ही वर्गांनी मिळून शोधावे.