एका ख्रिस्ती आवाहनाचे उत्तर

1979 च्या डिसेंबरात ऑस्लो येथे मदर तेरेसा यांनी नोबेल शांतता पारितोषिकाच्या निमित्ताने भाषण केले. गर्भपात हा शांततेचा सर्वांत मोठा विध्वंसक आहे, असे त्या म्हणाल्या. आणि आम्ही त्याच्याशी दत्तकाच्या मार्गाने लढतो, असेही त्यांनी सांगितले. हेच आवाहन ख्रिस्ती मंडळींकडून आजही येत असते. गर्भातल्या जीवासाठी उठा, काहीतरी करा, असे ते सांगतात.

यावर आमच्यातले काही म्हणतात, हा परधर्मीयांचा विषय, आपणांस त्याचे काय? काही म्हणतात, धर्माच्या माणसांनी यात पडूच नये. आम्हांस दोन्ही उत्तरे पटत नाहीत. कामगार संघटनेत आयुष्य घालविल्यामुळे आम्हांस एक खोड लागली आहे. मागणी आली की ती कोणी केली हे पाहण्याआधी तिचे जुने दप्तर उघडावयाचे. या मागणीचे दप्तर महाराष्ट्रात 160 वर्षांहून जुने आहे.

विधवाविवाहाचा कायदा 1856 साली झाला होता, पण उच्चवर्णीय घरांत त्याला कोणी विचारीत नव्हते. आठव्या-दहाव्या वर्षी कपाळ पुसलेली मुलगी जन्मभर घरातच राबे, आणि घरातल्याच कोणा पुरुषाने तिला फसविले तर पोटातला गर्भ ही तिची एकटीची लाज ठरे. 1860 च्या दंडसंहितेत गर्भपाताला शिक्षा होती. कलम 312 प्रमाणे तीन वर्षे. गर्भात हालचाल सुरू झाली असेल तर सात वर्षे. आणि स्त्रीने स्वतः गर्भ पाडला तर तीही गुन्हेगार. म्हणजे आज काही लोक जो कडक कायदा मागतात, तो तेव्हा होताच.

त्या कायद्याने काय साधले? पुण्यात काशीबाई नावाची एक ब्राह्मण विधवा स्वयंपाकाचे काम करून पोट भरीत होती. एका शास्त्र्यापासून तिला दिवस गेले. गर्भ पाडण्याचे उपाय फसले. मूल जन्मले तेव्हा तिने ते मारून विहिरीत टाकले. तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. शास्त्रीबुवांना शिक्षा झाल्याचे आमच्या वाचनात नाही.

या प्रकाराने जोतीराव फुले हादरले. 1863 साली त्यांनी व सावित्रीबाईंनी आपल्या राहत्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. शहरात पत्रके लावली. विधवांनी येथे येऊन गुप्तपणे व सुरक्षित बाळंत व्हावे. मूल बरोबर न्यावे की येथे ठेवावे हे त्यांच्या खुषीवर. ठेवल्यास त्याचा सांभाळ होईल, असा त्यांचा मतलब होता. नाव, गाव, पाप, प्रायश्चित्त, यांपैकी काही विचारावयाचे नाही. 1874 साली अशाच एका विधवेचा मुलगा त्या दांपत्याने दत्तक घेतला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. मदर तेरेसांनी ऑस्लोत सांगितलेला दत्तकाचा मार्ग शंभर वर्षे आधी पुण्यातल्या एका शूद्र म्हणविल्या गेलेल्या घराने चालून दाखविला होता.

आता या दप्तरातले सर्वांत जड पान. 1884 साली मलबारींच्या टिपणांवर मत कळविताना जोतीरावांनी हिशेब दिला. तोवर 35 गर्भवती विधवा त्या घरी येऊन बाळंत झाल्या होत्या. त्यांच्या मुलांपैकी जगली पाच. बाकीची तीस दगावली, कारण गर्भ लपविण्यासाठी आयांनी आधीच विषारी औषधे घेतली होती, असे त्यांनी लिहिले आहे. दार उघडे होते, पण दारापर्यंत पोचण्याआधी भीती पोचली होती. ती भीती नुसत्या तुरुंगाची नव्हती. ती घरच्यांची, भाऊबंदांची आणि गावाच्या तोंडाची होती.

कोणी म्हणेल, अशा घरांनी अनाचाराला उत्तेजन मिळते. त्याला आमचे उत्तर असे की, घर नव्हते तेव्हा अनाचार होताच. फक्त त्याचा पुरावा विहिरीत जाई. 1875 साली पंढरपुरातही असे गृह निघाले. तेथे न्यायाधीश असलेल्या लालशंकर उमियाशंकर यांनी त्यासाठी पुढाकार घेतला व प्रार्थना समाजाने ते सांभाळले. विठोबाच्या गावात, वारीच्या वाटेवर, सोडून दिलेल्या लेकरांना छप्पर मिळाले.

पुढे 1881 साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशी सुनावली गेली. अपिलात ती शिक्षा कमी झाली. त्यावर वर्तमानपत्रांतून स्त्रीजातीला जे दूषण दिले गेले, त्याला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून जबाब दिला. जो नियम बाईला, तो बाप्याला का नाही, हा त्यांचा सवाल होता.

ख्रिस्ती बंधूंना आम्ही त्यांच्याच घरचे नाव आठवून देऊ. पंडिता रमाबाईंनी 1883 साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांनी 1889 साली मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढे केडगावी मुक्ती सदन उभारले. दुष्काळात रस्त्यावर आलेल्या मुली तेथे आल्या, आणि समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन झाले. रमाबाईंचे धर्मांतर अनेकांना रुचले नाही. पण त्यांनी काय केले? त्यांनीही दारच उघडले.

आमच्या चळवळीच्या अंगाने हाच धडा दिसतो. गिरणीतल्या बाईला बाळंतपण म्हणजे रोजगार बुडणे होते. 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. आंबेडकरांनी प्रसूतिभत्त्याच्या विधेयकाला पाठिंबा दिला आणि 1929 साली तो कायदा झाला. सबंध देशासाठी तसा कायदा 1961 साली आला. मूल हवे असणाऱ्या बाईला ते परवडावे, हाही गर्भ वाचविण्याचाच मार्ग आहे.

1971 च्या कायद्याने ठरावीक कारणांसाठी डॉक्टरांकरवी गर्भपाताला परवानगी दिली, आणि 1972 च्या एप्रिलपासून तो अमलात आला. त्या मर्यादांबाहेरचा गर्भपात आजही गुन्हाच आहे. जुन्या कलमाची जागा 2024 साली न्याय संहितेने घेतली, एवढेच. मुलीचा गर्भ शोधून पाडण्याविरुद्ध 1994 साली निराळा कायदा झाला. त्याची गरज आमच्या मराठवाड्याला पुरती ठाऊक आहे. 2011 च्या शिरगणतीत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली होत्या 807. पण त्या कायद्यातले एक तत्त्व ध्यानात घ्यावे. अशी तपासणी झाली तर बाईवर नवऱ्याने वा नातलगांनी जबरदस्ती केली असे न्यायालय धरून चालते, उलट सिद्ध होईपर्यंत. काशीबाईला ही सवलत कोणी दिली नव्हती.

आणि आज ऊसतोडीला जाणारी आमची बहीण? कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल घेतलेली, एक खाडा झाला की मुकादम हिशेबातून पैसे कापणार. गरोदरपण तिला परवडत नाही, पाळीसुद्धा परवडत नाही. तरुण वयात पिशवी काढून घेणाऱ्या बायकांची संख्या इतकी झाली की 2019 साली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. तिला दवाखान्याच्या दारात निषेधाचा फलक दाखवून काय होणार?

म्हणून त्या आवाहनाला आमचे उत्तर असे. कृती करू, जरूर करू, तुमच्यासोबत करू. उसाच्या फडात पाळणाघर मागू. तोडकरी बाईला प्रसूतीची भरपगारी रजा मागू. कुमारी मातेला, विधवेला नाव न विचारता निवारा मिळेल अशी घरे तालुक्यातालुक्यात मागू. मुलगी झाली म्हणून सुनेला छळणाऱ्याच्या घरी दोघे मिळून जाऊ. मात्र बाईला तुरुंगात घालण्याच्या मागणीवर आमची सही मिळणार नाही, आणि निर्णय तिच्या खुषीवर ठेवण्याची जी रीत 1863 च्या पत्रकात होती, ती आम्ही सोडणार नाही.

हिमायतनगरच्या श्रोत्यांना एवढीच विनंती. उद्या आपल्या आळीत एखादी पोर अशा संकटात सापडली, तर तिच्या कानी आधी काय पडेल, दाराची कडी लागल्याचा आवाज की ‘ये बाई, आत ये’ हा शब्द, याचा विचार घरी जाऊन आजच करावा. त्या तीस अर्भकांना हा शब्द वेळेवर ऐकू आला नाही.