खळं आणि धावपट्टी

परभणीकडं ज्वारीच्या सुगीआधी खळं करायचे. वडील जागा खरवडून पाणी मारायचे, मग मधल्या मेढीभोवती बैल फिरत राहायचे. आम्ही पोरंही अनवाणी मागं फिरायचो. भुई दगडासारखी वाजायला लागली, की शेणानं सारवायची.

नेपाळातल्या लुक्ल्याचा विमानतळ असाच पायांनी घडला, हे कळलं तेव्हा मला आमचं खळंच दिसलं. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरींना शेर्पा गावांत शाळा-दवाखान्यांचं सामान पोचवायचं होतं. सपाट शेतं द्यायला शेतकरी तयार नव्हते. (शेतकऱ्याचा पोर म्हणून मला ते पटतं.) मग 1964 साली 2,845 मीटर उंचीवरचा हा उतार घेतला. माती भुसभुशीत राहिली, तेव्हा हिलरींनी शेर्पांना गावची दारू पाजून त्यांचा पाय आपटत करायचा नाच करायला लावला. माती दबली.

धावपट्टी जेमतेम 527 मीटर. उतरताना चढ विमानाला आवरतो, उडताना उतार वेग देतो. डांबर पडलं 2001 साली. तोवर गिर्यारोहक त्या मातीवरच उतरत होते.