इराणमधील गदर मोहीम

पहिल्या महायुद्धात इराणच्या भूमीवरून हिंदुस्थानात सशस्त्र उठाव नेण्याचा गुप्त प्रयत्न. त्याच्या सूत्रधारांपैकी एक वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे (१८८४–१९६७). लोकमान्य टिळकांच्या सल्ल्याने लष्करी शिक्षणासाठी परदेशी गेलेले खानखोजे १९१३ मध्ये अमेरिकेत, ब्रिटिश राजवट उलथवू पाहणाऱ्या गदर पक्षाच्या उभारणीत होते. शेतीचे शिक्षणही त्यांनी तिथेच घेतले.

इराण तेव्हा तटस्थ होता, पण दक्षिणेत ब्रिटिश आणि उत्तरेत रशियन फौजांनी त्याची तटस्थता पायदळी तुडवली होती. त्याच्या पूर्वेला लगेच ब्रिटिश बलुचिस्तान. तिथून हिंदुस्थानात शिरायचे, असा बेत. या बेतामागे असलेल्या, क्रांतिकारकांच्या बर्लिनमधील भारतीय समितीला जर्मनीची मदत होती. खानखोजे तुर्कस्तानमार्गे इराणला पोचले. सोबत बंगालचे प्रमथनाथ दत्त होते, ‘दाऊद अली’ या नावाने.

मोहिमेचे खरे हत्यार बंदुकीपेक्षा कागद होते. ब्रिटिशांच्या फौजेतले शिपाई बहुतांशी हिंदी. त्यांच्याच भाषांतली पत्रके त्यांच्या हाती पडावीत, म्हणून धडपड चाले. खानखोजे स्थानिक टोळ्यांच्या बाजूने ब्रिटिशांशी लढले, पकडले गेले, निसटले. १९१६ मध्ये ब्रिटिशांनी ‘साउथ पर्शिया रायफल्स’ हे दल उभारल्यावर वाट अधिकच अवघड झाली. उठाव हिंदुस्थानात पोचला नाही. तरी या मोहिमेला केवळ जर्मन कारस्थान म्हणणे अन्यायाचे आहे. पैसा जर्मनीचा असला तरी ध्येय या क्रांतिकारकांचे स्वतःचे होते.

पुढे खानखोजे मेक्सिकोत मक्याच्या सुधारित वाणांवर काम करणारे कृषितज्ज्ञ म्हणून नावारूपाला आले. त्या कामाची छायाचित्रे छायाचित्रकार टीना मोदोत्ती यांनी टिपली आहेत. खानखोजे यांचे निधन नागपुरात झाले.