डिसेप्शन व्हॅलीतील वन्यजीव अभ्यास

डिसेप्शन व्हॅली हे आफ्रिकेतील बोत्सवाना देशाच्या मध्य कालाहारी अभयारण्यातील एका प्राचीन नदीचे कोरडे पात्र होय. मार्क व डेलिया ओवेन्स या अमेरिकन दांपत्याने १९७४ पासून सुमारे सात वर्षे येथे राहून सिंह व तपकिरी तरस यांचा अभ्यास केला. या वास्तव्यावरील त्यांचे ‘क्राय ऑफ द कालाहारी’ हे पुस्तक १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले.

वास्तव्य

दोघेही तेव्हा विद्यार्थिदशेत होते. घरातील चीजवस्तू विकून उभी केलेली तुटपुंजी रक्कम आणि एक जुनी लँड रोव्हर गाडी एवढ्या बळावर त्यांनी कामास आरंभ केला. त्यांचा तळ नदीपात्रालगतच्या एका झाडीत होता. पाणी पिंपांत भरून दुरून आणावे लागे. कालाहारीला वाळवंट म्हणतात, परंतु ते निव्वळ वाळूचे रण नव्हे. पावसानंतर तेथे गवत माजते व हरणांचे कळप उतरतात. त्यानंतर महिनोन्महिने पाण्याचा थेंब दिसत नाही. पुढे फ्रँकफर्ट प्राणिशास्त्रीय संस्थेचे साहाय्य मिळाल्यावर रेडिओ पट्टे व लहान विमान यांच्या योगे दूर गेलेल्या प्राण्यांचा माग काढता येऊ लागला.

तपकिरी तरस

तरस हा लोकसमजुतीत मढी उकरणारा, घाणेरडा प्राणी. महाराष्ट्राच्या माळरानांवर आढळणाऱ्या पट्टेरी तरसाचा हा जवळचा नातलग रात्री एकटाच भक्ष्य शोधत हिंडतो. त्यामुळे तो एकलकोंडा असावा असे वाटणे स्वाभाविक होते. प्रत्येक तरसाला नावानिशी ओळखून वर्षानुवर्षे केलेल्या निरीक्षणांतून वेगळेच चित्र पुढे आले. हे तरस कुळाने राहतात, पिल्ले एका सामाईक बिळात वाढवतात आणि आप्त माद्या परस्परांच्या पिल्लांसाठी अन्न वाहून आणतात. आई मेलेल्या पिल्लांनाही कुळातील इतरांनी पोसल्याचे दिसून आले. काही महिन्यांच्या मुक्कामात हे हाती लागणे कठीणच होते.

सिंह

अवर्षणात सिंहांचे कळप पांगून फार विस्तृत प्रदेशात भटकतात, माद्या एका कळपातून दुसऱ्यात जातात आणि भक्ष्याच्या शरीरातील द्रवावर सिंह दीर्घकाळ तगतात, अशी निरीक्षणे नोंदली गेली. ‘बोन्स’ हा सिंह पाय मोडून मरणपंथास लागला असता ओवेन्स दांपत्याने त्याच्यावर उघड्यावरच शस्त्रक्रिया केली. तो बरा झाला. मात्र पुढे अभयारण्याबाहेर शिकाऱ्याच्या गोळीला बळी पडला.

कुंपणांचा प्रश्न

गुरांना होणाऱ्या लाळ्या-खुरकूत रोगाचा प्रसार रोखण्यासाठी बोत्सवानात लांबलचक तारेची कुंपणे घालण्यात आली होती. युरोपला होणारी गोमांसाची निर्यात या रोगनियंत्रणावर अवलंबून असल्याने कुंपणे हटविणे सोपे नव्हते. दुष्काळात पाण्याच्या शोधात निघालेले विल्डबीस्ट या तारांशी अडून, त्यांच्या कडेने झाऊ सरोवराकडे वळत व वाटेत हजारोंनी मरत. ओवेन्स यांनी हे जगापुढे मांडले. सरकारला ते रुचले नाही व कालांतराने त्यांना देश सोडावा लागला. पुढील काम त्यांनी झांबियात केले.

मर्यादा

पुस्तकातील कालाहारी जवळजवळ निर्मनुष्य भासते. प्रत्यक्षात हे अभयारण्य १९६१ मध्ये स्थापन करताना तेथील सान लोकांचे जीवन सुरक्षित राखणे हाही हेतू होता. १९९७ व २००२ मध्ये सरकारने त्यांना तेथून हलविले. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने २००२ची कारवाई बेकायदा ठरवून अर्जदारांचा परतण्याचा हक्क मान्य केला.