‘डान्सेस विथ वुल्व्ह्ज’ पिक्चरमधला लेफ्टनंट काल्पनिक होता, पण लाकोटा लोकांनी ‘पांढरी टोपी’ म्हणून ओळखलेला लेफ्टनंट खरा होता

केव्हिन कॉस्टनरचा ‘डान्सेस विथ वुल्व्ह्ज’ बऱ्याच जणांनी पाहिला असेल. अमेरिकेच्या सरहद्दीवरच्या ओसाड चौकीवर लेफ्टनंट डनबार एकटाच येतो. शेजारी सू जमातीची वस्ती असते. आधी भीती, मग हातवारे, मग एकेक शब्द, असं करत करत तो त्यांच्यातलाच होऊन जातो. १९९० साली आलेल्या या पिक्चरला १२ ऑस्कर नामांकनं मिळाली आणि त्यातले ७ ऑस्कर त्याने जिंकले.

पण ज्या कादंबरीवर तो बेतलाय, त्यात सू जमात नाहीच. मायकेल ब्लेकच्या १९८८ च्या कादंबरीतली जमात आहे कोमांची, म्हणजे पार दक्षिणेकडची. शूटिंग साऊथ डकोटात करायचं ठरलं. तिथे रानगव्यांचा मोठा कळप होता आणि लाकोटा बोलणारी माणसंही. त्यामुळे पडद्यावर कोमांचींचे सू झाले. नावं मात्र तशीच राहिली. टेन बेअर्स हा इतिहासातला कोमांची प्रमुख आणि किकिंग बर्ड हा कायोवा जमातीचा. पिक्चरमध्ये दोघंही अस्खलित लाकोटा बोलतात.

आता हे ‘सू’ आणि ‘लाकोटा’ काय प्रकरण आहे? सू हे बाहेरच्यांनी दिलेलं नाव. त्यांच्यात डकोटा, लाकोटा असे गट आहेत, आणि पिक्चरमध्ये दिसतात ते मैदानी मुलखातले लाकोटा. त्यांच्या भाषेत बाई आणि पुरुष यांची बोलण्याची काही रूपं वेगळी असतात. आपल्याकडे ‘जातो’ आणि ‘जाते’ आहे, तसंच काहीसं. पिक्चरमधल्या नटांना लाकोटा शिकवलं डोरिस लीडर चार्ज या शिक्षिकेने. शिकवताना भाषा सोपी केली गेली आणि तगडे योद्धे बायकांच्या रूपात बोलू लागले. लाकोटा प्रेक्षकांना थिएटरात हसू आवरेना, असं सांगतात.

खरी गोष्ट सुरू होते ती पिक्चर संपताना येणाऱ्या पाटीपासून. तेरा वर्षांनी नेब्रास्कातल्या फोर्ट रॉबिन्सनला शेवटच्या मुक्त सू टोळीने शरणागती पत्करली, असं त्या पाटीवर लिहिलंय. ही घटना १८७७ ची. शरण आलेला माणूस होता क्रेझी हॉर्स, आदल्याच वर्षी लिटल बिगहॉर्नच्या लढाईत जनरल कस्टरच्या फौजेचा धुव्वा उडवणाऱ्या योद्ध्यांपैकी एक. आणि त्याला सामोरा गेलेला लष्करी अधिकारी होता लेफ्टनंट विल्यम फायलो क्लार्क.

हा क्लार्क न्यूयॉर्क राज्यातला, १८६८ साली वेस्ट पॉइंटमधून बाहेर पडलेला, सेकंड कॅव्हलरी म्हणजे घोडदळातला. १८७६-७७ च्या मोहिमेत त्याच्या हाताखाली सुमारे ३०० मूलनिवासी टेहळे दिले गेले. त्यात पॉनी, शोशोनी, अरापाहो, शायान, सू अशा वेगवेगळ्या जमातींचे लोक होते. एकाची बोली दुसऱ्याला कळत नव्हती, पण रात्री शेकोटीभोवती सगळे निवांत गप्पा मारायचे. कसे? तर हातांनी. मैदानी मुलखातल्या जमातींची एक सामायिक खुणांची भाषा होती. दुसऱ्या हाताच्या कडेवर दोन बोटं दोन्हीकडून टाकली, की घोडा. कपाळावरून बोट आडवं फिरवलं, की गोरा माणूस, कारण गोऱ्याच्या टोपीला कड असते. दोन बोटं जोडून चेहऱ्याजवळ वर नेली की मित्र, म्हणजे सोबत वाढलेले दोघं.

क्लार्क ही भाषा शिकला आणि चांगलीच शिकला. तो तळावर जाऊन बसायचा, त्यांच्यासोबत चिलीम ओढायचा. लाकोटांनी त्याचं नाव ठेवलं ‘पांढरी टोपी’.

६ मे १८७७ ला क्रेझी हॉर्स सुमारे ९०० माणसं घेऊन आला. त्याने क्लार्कशी डाव्या हाताने हस्तांदोलन केलं, कारण काळीज त्या बाजूला असतं. त्याचा सोबती ही डॉग याने स्वतःचा पिसांचा शिरपेच क्लार्कच्या डोक्यावर चढवला. पिक्चर असता तर इथेच संगीत वाजलं असतं.

पुढे काय झालं? क्लार्कचं काम फक्त दोस्तीचं नव्हतं. कोण काय बोलतो, कोण कुणावर नाराज आहे, कोण पळायच्या बेतात आहे, ही खबर वर पोचवणं हीसुद्धा त्याचीच जबाबदारी होती. क्रेझी हॉर्सला त्याने आपल्याच टेहळ्यांच्या पथकात भरती करून घेतलं. माणूस जवळ राहिला की नजरेखाली राहतो, हा साधा हिशोब. क्रेझी हॉर्सला हवी होती उत्तरेत स्वतःची जागा आणि गव्यांची शिकार. दोन्हीची आशा दाखवली गेली होती, मिळालं काहीच नाही.

ऑगस्टच्या शेवटी क्लार्कने त्याला नेझ पर्स जमातीविरुद्धच्या मोहिमेवर चल म्हणून सांगितलं. क्रेझी हॉर्स लढाईला कंटाळला होता. तिथे हजर असलेल्यांच्या साक्षीनुसार तो म्हणाला की जायचंच असेल तर एकही नेझ पर्स उरेपर्यंत लढू. दुभाषा होता फ्रँक ग्रुआर्ड, जो पूर्वी काही वर्षं लाकोटांच्यातच राहिला होता. त्याने भाषांतर केलं, ‘एकही गोरा उरेपर्यंत लढू.’ चुकून की मुद्दाम, यावर आजही वाद आहे. हातांच्या खुणांत पारंगत असलेला क्लार्क अशा बैठकीत बोललेल्या शब्दांसाठी दुभाष्यावरच अवलंबून होता. त्याने ते खरं मानलं.

मग अफवांचा पाऊस पडला. क्रेझी हॉर्स जनरल क्रूकला मारणार अशी बातमी आली आणि अटकेचा हुकूम निघाला. ५ सप्टेंबर १८७७ ला बोलणी करायची म्हणून त्याला छावणीवर आणलं गेलं. कोठडीचे गज दिसताच त्याने झटापट केली. त्याच्याच जमातीच्या लिटल बिग मॅनने त्याचे हात धरले आणि पहारेकऱ्याने संगीन खुपसली. त्याच रात्री तो गेला. शरणागतीला पुरते चार महिने झाले होते.

इथवर वाचून क्लार्कला खलनायक ठरवणं सोपं आहे, पण दीड वर्षाने त्याच ओळखीचं उलटं फळ दिसलं. दक्षिणेत हलवलेले उत्तरी शायान १८७८ मध्ये घराकडे पळाले. त्यातला डल नाइफचा गट फोर्ट रॉबिन्सनला कोंडला गेला. जानेवारी १८७९ मध्ये त्यांनी तिथून सुटायचा प्रयत्न केला, तेव्हा साठहून जास्त माणसं मारली गेली. दुसऱ्या गटाचा प्रमुख लिटल वुल्फ बर्फात दडून राहिला होता. मार्चमध्ये त्याला गाठलं क्लार्कने. दोघं जुने ओळखीचे. गोळी न झाडता शरणागती झाली. या लोकांना पुन्हा दक्षिणेत पाठवू नका, अशी शिफारस क्लार्कने केली आणि त्यांना उत्तरेत फोर्ट किओला राहू दिलं. माँटानात आज उत्तरी शायानांची स्वतःची जमीन आहे, त्याची सुरुवात याच मुक्कामातून झाली.

१८८१ मध्ये जनरल शेरिडनने क्लार्कला इतर कामातून मोकळं करून खुणांच्या भाषेवर पुस्तक लिहायला लावलं. लष्कराला ते कामापुरतं हवं होतं. क्लार्कने मात्र प्रत्येक खुणेसोबत तिच्यामागची समजूत, लग्नाच्या रीती, मरणाचे विधी, पूजा असं बरंच काही नोंदवलं. त्या काळच्या गोऱ्या अधिकाऱ्याचा वरचढपणा त्यात आहेच, पण खुणा कशा करायच्या याचं वर्णन इतकं बारीक आहे, की वाचून हात हलवता येतात. पुस्तक छापून हातात येण्याआधीच, सप्टेंबर १८८४ मध्ये, वॉशिंग्टनमध्ये तो वारला. १८८५ मध्ये ते फिलाडेल्फियात प्रसिद्ध झालं.

तोवर मुलांना बोर्डिंग शाळांत इंग्रजी सक्तीने शिकवणं सुरू झालं होतं आणि खुणा करणारे हात कमी होत गेले. १९३० मध्ये माँटानातल्या ब्राउनिंगला वेगवेगळ्या जमातींच्या वृद्धांना बोलावून त्यांच्या खुणा कॅमेऱ्यात पकडल्या गेल्या. त्यामागेही एक जुना घोडदळवालाच होता, निवृत्त जनरल ह्यू स्कॉट. १८७६ मध्ये कस्टरच्या रेजिमेंटमध्ये मेलेल्या अधिकाऱ्यांच्या जागा रिकाम्या झाल्या, त्यातल्या एका जागेवर तो तरुणपणी रुजू झाला होता. त्या रिळांत वृद्ध गोल करून बसलेत, स्कॉटही त्यांच्यात आहे, आणि एकेक जण हातांनी आपली गोष्ट सांगतोय.