वळिवड्याच्या बराकी आणि आश्रयाचे कागद

मराठेशाहीच्या दप्तरातले जुने कागद चाळताना परमुलखातून येणाऱ्या माणसासाठी दोन निरनिराळे शब्द आढळतात. एक दस्तक, म्हणजे वाटेवरच्या चौकीपहाऱ्यांनी अडवू नये म्हणून दिलेला राहदारीचा परवाना. आणि दुसरा कौल, म्हणजे नव्या पेठेत दुकान घालणाऱ्यास किंवा पडीत जमीन लावणाऱ्या कुळास काही वर्षे साऱ्याची सूट देऊन 'सुखे राहावे, उपद्रव लागणार नाही' असे सरकारने दिलेले अभय. येऊ देणे वेगळे आणि राहू देणे वेगळे, हा भेद त्या काळच्या साध्या कारकुनासही पाठ होता. पण घरदार मागे टाकून नव्या देशात उतरलेल्या माणसाला तोच भेद फार उशिरा कळतो, आणि बहुधा तो कळण्याची किंमत जबर असते. कोल्हापूरपासून थोड्या कोसांवर असलेल्या वळिवडे गावी १९४३ ते १९४८ या पाच वर्षांत जे घडले, ते या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे.

१७ सप्टेंबर १९३९ रोजी सोव्हिएत सैन्य पूर्व पोलंडमध्ये शिरले, आणि पुढल्या फेब्रुवारीपासून तिथल्या कुटुंबांना आगगाडीच्या मालडब्यांत कोंबून सैबेरिया व कझाकस्तानकडे रवाना करण्यात येऊ लागले. १९४१च्या जुलैत लंडनस्थ पोलिश सरकार आणि मॉस्को यांच्यात तह झाला, 'माफी' जाहीर झाली – अपराध कोणता, हे मात्र कोणी सांगितले नाही – आणि जनरल अँडर्स यांच्या नव्या पोलिश सैन्याच्या मागोमाग बायकामुलेही कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरली. त्यांतल्याच सुमारे पाच हजारांना, ज्यांत स्त्रिया व मुलेच बहुसंख्य होती, १९४३पासून कोल्हापूर संस्थानच्या हद्दीत, पंचगंगेच्या खोऱ्यात आसरा मिळाला.

कौलारू छपराच्या लांबच लांब बराकी, एकेका कुटुंबाला त्यातली एकेक खोली, पुढे ओटी, ओटीपुढे हातभर जागेत लावलेली फुलझाडे. शाळा होत्या, ख्रिस्ती देऊळ होते, इस्पितळ होते, बालवीरांची पथके होती. क्षयाने पोखरलेल्या मुलांना पाचगणीच्या हवेत धाडले जाई. आमच्या बाजूचे भाजीवाले कामापुरती पोलिश बोलू लागले आणि सैबेरियाच्या बर्फात भाकरीच्या तुकड्यासाठी झुरलेल्या मुलांनी इथल्या आंब्यांची चव घेतली. कोल्हापूरकरांच्या या आतिथ्याचा मला अभिमान वाटतो आणि तो मी लपवीत नाही. परंतु ज्या कागदावर ही वस्ती उभी होती, तो कागद कोल्हापूरचा नव्हता. छावणीचा खर्च लंडनस्थ पोलिश सरकारच्या खाती पडे, आणि मुंबईच्या पोलिश वकिलातीचा शिक्का हीच या माणसांची ओळख होती.

१९४५च्या जुलैत ब्रिटनने त्या लंडनस्थ सरकारची मान्यता काढून वॉर्सातील नव्या सरकारला दिली, आणि त्या घटकेस वळिवड्याच्या बराकीत काहीएक हलले नसता, चुलीवरचे भांडेही जागचे न सरकता, पाच हजार माणसांच्या हातातले दाखले निराधार झाले. त्याच वर्षी याल्टा येथे ठरल्याप्रमाणे पूर्व पोलंड रशियाच्या पदरात गेला होता. म्हणजे ज्या ल्वूफ आणि विल्नोच्या परिसरातून ही माणसे निघाली, तो प्रदेशच आता पोलंडमध्ये उरला नव्हता. 'आपल्या देशी परत जा' या शब्दांना मग काय अर्थ राहिला?

तरी परतीचा मार्ग खुला होता आणि थोड्यांनी तो धरला. दुसरा मार्ग नात्याचा. ज्यांचा नवरा, बाप किंवा भाऊ अँडर्सच्या सैन्यातून इटलीत मॉन्टे कॅसिनोला लढला, त्यांना आप्तसंबंध सिद्ध करून ब्रिटनला जाता येई, कारण तिथल्या पार्लमेंटाने १९४७च्या मार्चमध्ये या सैनिकांच्या पुनर्वसनाचा कायदाच केला होता. ज्यांचे असे कोणी उरले नव्हते त्यांच्या वाट्याला पूर्व आफ्रिकेतील छावण्या आल्या, किंवा ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशा हात हवे असलेल्या देशांच्या निवडीची प्रतीक्षा. ज्या बाईचा नवरा रशियातच मेला होता, तिला तिच्या दुःखामुळे हक्क मिळाला नाही. शेजारणीला जिवंत भावामुळे मिळाला. परत जाणे, आहे तिथेच मुरणे किंवा तिसऱ्या देशी जाणे, या ज्या तीन वाटा आजही निर्वासितांपुढे ठेवल्या जातात, त्यांतली मधली वाट वळिवड्याला फारशी नव्हतीच. हिंदुस्थानात १९४६ साली झालेल्या परकीयांच्या कायद्यात 'निर्वासित' असा वर्गच नव्हता. जीव घेऊन पळालेली विधवा आणि कापूस खरेदीला आलेला दलाल त्या कायद्याच्या लेखी सारखेच. निर्वासिताला संकटाच्या मुलखात परत लोटू नये, हे कलम असलेला जिनिव्हाचा करार १९५१ साली झाला, तेव्हा वळिवडे रिकामे होऊन तीन वर्षे लोटली होती. आणि भारताने त्या करारावर आजतागायत सही केलेली नाही.

रिकाम्या बराकी मात्र फार दिवस ओस राहिल्या नाहीत. फाळणीने उखडलेले सिंधी बांधव तेथे आले, वस्तीला गांधीनगर हे नाव पडले, आणि आज सारा दक्षिण महाराष्ट्र जिथे कापड खरेदीला जातो, ती बाजारपेठ त्यांनी आपल्या कष्टाने उभी केली. ओटी तीच, कौले तीच. पण पोलिश बाईला जे मिळू शकले नाही ते यांना संविधानाच्या सहाव्या अनुच्छेदाने दिले. अविभाजित हिंदुस्थानात स्वतःचा, आईबापांचा वा आजीआजोबांचा जन्म असला आणि १९ जुलै १९४८ पूर्वी येऊन वस्ती कायम राहिली असली, तर असा माणूस अर्जावाचून नागरिक ठरला. त्या दिवशी किंवा त्यानंतर येणाऱ्याला सहा महिन्यांची वस्ती दाखवून, अर्ज करून, नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे नोंद करून घ्यावी लागली. एका भिंतीच्या अलीकडे १८ जुलैला सरहद्द ओलांडलेले कुटुंब आणि पलीकडे २० जुलैला ओलांडलेले त्याच गावचे दुसरे, अशी शेजारे त्या काळच्या वस्त्यांत असणारच. पहिल्या घरी दिवेलागण झाली की बाजाराच्या गोष्टी निघत असतील, आणि दुसऱ्या घरी कोणीतरी कंदिलाच्या उजेडात पुन्हा एकदा महिने मोजीत बसले असेल.