समाईक भूमी आणि पाळक
१६४९ च्या जानेवारीत इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्स राजाचा शिरच्छेद झाला. त्याच एप्रिलमध्ये जेरार्ड विन्स्टन्ली व त्याचे सोबती सरे परगण्यातील सेंट जॉर्जेस हिलच्या माळरानावर कुदळी घेऊन गेले व गाजर, घेवडा पेरू लागले. ईश्वराने भूमी सर्वांची समाईक ठेव म्हणून निर्मिली, असा त्यांचा विश्वास होता. त्यांनी शस्त्र धरले नाही. मारहाण व खटले सोसून ते कॉबमला गेले. १६५० च्या एप्रिलमध्ये तेथील त्यांच्या झोपड्या जाळण्यात आल्या. त्या कृत्याचा अग्रणी जॉन प्लॅट हा जमीनदार होता आणि पाळकही. आरंभीच्या मंडळीत सर्व काही समाईक होते, हे प्रेषितांच्या कृत्यांतील वचन आम्ही उपासनेत वाचतो. ते कोणी शब्दशः आचरू लागल्यास आम्ही कोणत्या बाजूस उभे राहू?